एप्रिलचा आठवडी हवामान अंदाज नीट कसा वाचायचा

एप्रिल लागला की हवामान विभागाच्या पत्रकात साधारण अशा धाटणीची वाक्यं दिसू लागतात: ‘विदर्भ व मराठवाड्यात पुढील तीन दिवस तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजांचा कडकडाट आणि ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाच्या सोसाट्याच्या वाऱ्यासह हलक्या ते मध्यम पावसाची शक्यता. त्यानंतर कमाल तापमानात २ ते ३ अंशांनी वाढ. कोकणात उष्ण व दमट हवामान.’ संध्याकाळपर्यंत याची बातमी होते, ‘राज्यावर अवकाळीचं संकट’. रात्री व्हॉट्सॲपवर तीच ‘उद्या भयंकर गारपीट’ म्हणून फिरते. आणि दुसऱ्या दिवशी आपल्या गावात थेंबही पडला नाही की ‘हवामान खात्याचं काही खरं नसतं’ असं म्हणून लोक मोकळे होतात.

याचं वाईट वाटतं, कारण त्या तीन वाक्यांत कामाची माहिती ठासून भरलेली असते. वसमतकडे कुणी हळद शिजवून वाळत घातलेली असते. लासलगाव-निफाडच्या शिवारात उन्हाळी कांदा काढून पातीसकट पसरलेला असतो. नागपुरात कुणाच्या घरचं लग्न लॉनवर असतं. यातल्या प्रत्येकाला पुढच्या दोन-तीन दिवसांत काहीतरी ठरवायचं असतं आणि पत्रक त्यासाठीच लिहिलेलं असतं. फक्त त्यातला प्रत्येक शब्द मोजूनमापून वापरलेला असतो, हे आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं.

सर्वांत जास्त गैरसमज होतो तो ‘तुरळक ठिकाणी’ या शब्दांचा. हवामान विभागाच्या हिशेबात याला ठरलेला अर्थ आहे: त्या विभागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस अपेक्षित आहे. म्हणजे उरलेल्या ७५ टक्के किंवा त्याहून जास्त ठिकाणी तो पडणार नाही, हेही त्याच शब्दांत सांगून झालेलं असतं. २६ ते ५० टक्के केंद्रं असतील तर ‘काही ठिकाणी’, त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंत ‘बऱ्याच ठिकाणी’ आणि त्याहून जास्त असेल तर जवळजवळ सर्वत्र. त्यातही एखाद्या केंद्रावर निदान २.५ मिलिमीटर पाऊस झाला तरच ते केंद्र मोजलं जातं. अंगण ओलं झालं, मातीचा वास सुटला आणि ढग निघून गेले, तर तो पाऊस या गणतीत येतही नाही.

आता ज्या विभागातली केंद्रं मोजायची, तो विभाग केवढा असतो? देशाचे असे ३६ हवामान उपविभाग केले आहेत आणि महाराष्ट्रात त्यातले चार येतात: कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ. विदर्भाचा अंदाज नागपूरचं प्रादेशिक केंद्र देतं, बाकी महाराष्ट्राचा मुंबईच्या कुलाब्याचं. यातला ‘मध्य महाराष्ट्र’ हा प्रकार जरा अवघडच आहे. नंदुरबार, धुळे, जळगावपासून नाशिक, अहिल्यानगर, पुणे करत सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूरपर्यंत दहा जिल्हे त्यात येतात. तापीकाठच्या रावेरला पारा ४३ वर असतो तेव्हा महाबळेश्वरला लोक स्ट्रॉबेरी खात गार वाऱ्यात फिरत असतात, आणि पत्रकात दोन्ही ‘मध्य महाराष्ट्र’च. म्हणून विभागाचं वाक्य वाचून थांबू नये, खालचा जिल्ह्यांचा तक्ता उघडावा. रोजचा इशारा जिल्हावार दिलेला असतो.

तक्ता वाचताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. हवामान विभागाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही, तो सकाळी साडेआठला बदलतो. सोमवारी सकाळी साडेआठपासून मंगळवारी सकाळी साडेआठपर्यंत पडलेला पाऊस मंगळवारच्या आकड्यात येतो. सोमवारी संध्याकाळी तुमच्या पत्र्यावर ताशे वाजले आणि पेपरात सोमवारच्या रकान्यात शून्य दिसलं, तर नोंद चुकलेली नसते.

एप्रिलचा हा पाऊस असा तुकड्यातुकड्यांत का पडतो, हे समजून घेतलं की बाकीचं पत्रक आपोआप कळायला लागतं. जून-जुलैचा पाऊस समुद्रावरून येणाऱ्या भल्यामोठ्या, शेकडो किलोमीटर पसरलेल्या प्रवाहाचा असतो. वळीव तसा नसतो. एप्रिलमध्ये मध्य भारताची जमीन तापते आणि तिथली हवा हलकी होते. वायव्येकडून, राजस्थान-गुजरातच्या बाजूने कोरडी, तापलेली हवा येत असते. पूर्वेला बंगालच्या उपसागराकडून दक्षिण-आग्नेय दिशेने दमट हवा आत शिरते. या दोन वाऱ्यांची गाठ जिथे पडते, तिथे एक लांबच लांब पट्टा तयार होतो. पत्रकात याचं वर्णन बहुधा ‘विदर्भापासून मराठवाडा, कर्नाटकचा अंतर्भाग ते तमिळनाडूपर्यंत समुद्रसपाटीपासून ९०० मीटर उंचीवर द्रोणीय स्थिती’ असं असतं. वाक्य किचकट वाटतं, पण अख्ख्या पत्रकात सगळ्यात महत्त्वाचं तेच. हा पट्टा तुमच्या जिल्ह्यावरून किंवा त्याच्या थोडा पश्चिमेकडून जात असेल तर दमट हवा तुमच्याकडे पोहोचते आहे असं समजावं. तो पूर्वेला सरकला की तुमच्याकडे कोरडा वारा आणि नुसतं ऊन. पट्टा रोज थोडा इकडेतिकडे हलतो आणि अंदाजही त्याच्यामागे हलतो.

पट्टा असला म्हणजे सगळीकडे पाऊस नाही. दुपारपर्यंत जमीन तापून खालची हवा वर उसळावी लागते. मग एखाद्या टेकाडापाशी किंवा जास्त तापलेल्या माळावर ती पहिल्यांदा फुटून वर जाते आणि बघता बघता ढगाचा मनोरा उभा राहतो, दहा-बारा किलोमीटर उंच. रुंदी मात्र त्या मानाने कमी, आणि एकट्या ढगाचं आयुष्य साधारण तासाभराचं. म्हणून वळीव दुपारी तीननंतर ते रात्रीपर्यंत येतो आणि म्हणूनच एका शिवाराला झोडपून शेजारचं कोरडं ठेवतो.

अशा ढगाखाली उभं राहिलं की आधी काय येतं? वारा. धुळीचा लोट, पत्रे वाजतात, आणि मग दोन-चार टपोरे थेंब. ढगातून पाऊस निघतो, पण खालची एप्रिलची हवा इतकी कोरडी असते की वाटेतच बरेचसे थेंब सुकून जातात. पाणी सुकताना भोवतालची हवा एकदम थंड करतं. थंड हवा जड, ती दाणकन खाली कोसळते आणि जमिनीला आपटून चहूबाजूंनी सुटते. हाच तो सोसाट्याचा वारा. त्यामुळे एप्रिलच्या अंदाजात पावसाच्या मिलिमीटरपेक्षा वाऱ्याचा वेग आधी वाचावा. जळगावकडच्या केळीच्या बागांना, मांडवांना, होर्डिंगांना, पत्र्याच्या शेडला धोका पावसापेक्षा या वाऱ्याचा असतो. ‘हलका पाऊस’ लिहिलं आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्याचं छप्पर याच वाऱ्याने जातं.

गारपिटीचं गणित याच्याच पोटातलं. मनोरा एवढा उंच जातो की त्याचा वरचा भाग शून्याखालच्या तापमानात असतो. एप्रिलमध्ये आपल्याकडे ही गोठणपातळी साधारण साडेचार-पाच किलोमीटरवर असते. वर उसळणारा झोत जोरदार असेल तर गोठलेले थेंब वरच तरंगत राहतात, त्यांच्यावर थरावर थर चढतात आणि वजन पेलेनासं झालं की ते खाली पडतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तरेकडून पश्चिमी चक्रावातांचा, म्हणजे पश्चिमेकडून उत्तर भारतावर येणाऱ्या वादळी प्रणालींचा, थंड वारा वरच्या थरात आला की ही गोठणपातळी आणखी खाली येते आणि गार वितळायच्या आत जमिनीवर पोहोचते. २०१४ च्या फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये मराठवाडा, विदर्भ, मध्य महाराष्ट्रात दिवसांमागून दिवस जी गारपीट झाली ती आजही शेतकरी विसरलेले नाहीत. नेमक्या कुठल्या गावावर गार पडेल हे दोन दिवस आधी सांगता येत नाही. जिल्हा सांगता येतो, आणि ढग उभा राहिल्यावर रडार बघून तासा-दोन तासांचा इशारा देता येतो.

हे न सांगता येण्याचं कारणही समजण्यासारखं आहे. संगणकावरचं प्रारूप (मॉडेल) जमिनीला चौकोनांत वाटून प्रत्येक चौकोनाचं हवामान काढतं. देशाच्या मुख्य प्रारूपाचा चौकोन कालपरवापर्यंत १२ किलोमीटरचा होता. मे २०२५ मध्ये पुण्याच्या पाषाणमधल्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेली भारत फोरकास्टिंग सिस्टिम आली आणि तो सहा किलोमीटरवर आला. ही झेप मोठी आहे. तरीही वळवाचा एक ढग अशा एखाद्या-दोन चौकोनांएवढाच असतो, आणि तो चार वाजता या ओढ्याकाठी उठेल की त्या डोंगरापाशी, हे चार दिवस आधी प्रारूपाला कळणं अवघड आहे.

मग सात दिवसांतल्या कुठल्या दिवसावर किती विसंबायचं? आजचा आणि उद्याचा अंदाज कामाला धरून वाचावा. तिसऱ्या दिवसापर्यंत पट्टा कुठे असेल याचा भरवसा बऱ्यापैकी असतो. चौथ्या दिवसापासून पुढे फक्त कल बघावा: ऊन वाढतंय की ढग वाढतायत. तारीख पक्की धरून कामं लावू नयेत. दर गुरुवारी पुढच्या आठवड्यांचा विस्तारित अंदाज येतो, त्यात ‘सरासरीपेक्षा जास्त’ किंवा ‘कमी’ एवढंच असतं आणि तेवढंच त्यातून घ्यावं. पंधरा दिवसांनंतरच्या लग्नाच्या दिवशी दुपारी चारला पाऊस दाखवणारं मोबाइलवरचं ढगाचं चित्र बघून हॉल बदलू नका. त्या चित्रामागे बहुधा माणसाने न तपासलेला प्रारूपाचा कच्चा आकडा असतो.

रंगांबद्दल. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता कृती करा. रंग ठरतो दोन गोष्टींवरून: घटना घडण्याची शक्यता किती आणि घडली तर फटका केवढा. शक्यता कमी पण फटका मोठा असेल तरीही पिवळा लागतो. त्यामुळे ‘पिवळा होता आणि काहीच झालं नाही’ ही तक्रार खरं तर तक्रार नाही. दुसरं, रंगाशेजारी कारण वाचायचं. त्याच आठवड्यात अकोल्याला पिवळा उष्णतेच्या लाटेसाठी, लातूरला पिवळा विजांसाठी आणि ठाण्याला पिवळा दमट उकाड्यासाठी असू शकतो. टीव्हीवर तिन्ही जिल्हे एकाच रंगात रंगवलेले दिसतात आणि सांगणारा एका दमात ‘राज्यभर यलो अलर्ट’ म्हणून टाकतो.

आता तापमान. ‘कमाल तापमानात २ ते ३ अंशांनी वाढ’ ही वाढ कशापेक्षा? आजच्यापेक्षा. सरासरीपेक्षा नव्हे. ढगाळ आठवड्यात परभणीचा पारा ४१ वरून ३८ वर उतरलेला असतो. ढग गेले की तो ४१ वर परत येतो. तेव्हा वाढ तीन अंशांची झाली, पण ती एप्रिलच्या नेहमीच्या जागी परतण्याची. ‘सरासरीपेक्षा ३ अंशांनी जास्त’ हे वेगळं आणि जास्त काळजीचं वाक्य आहे. तिथे तीस वर्षांच्या नोंदींवरून काढलेल्या त्या दिवसांच्या सरासरीशी तुलना असते.

उष्णतेच्या लाटेची व्याख्याही याच फरकावर उभी आहे. सपाट प्रदेशात कमाल तापमान निदान ४० अंश, किनारपट्टीवर निदान ३७ आणि डोंगराळ भागात निदान ३० हवं. त्याशिवाय लाटेचा विचारच होत नाही. त्यावर सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंश जास्त असेल तर लाट, त्याहून जास्त असेल तर तीव्र लाट. शिवाय सपाटीवर थेट ४५ ला लाट आणि ४७ ला तीव्र लाट मानतात, सरासरी काहीही असो. हे एका उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस घडलं की दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते. परिणाम असा की एप्रिलअखेर चंद्रपूरला पारा ४४ असताना लाट नसते, कारण तिथली सरासरीच ४२ च्या आसपास असते. मुंबईत मात्र एप्रिलची सरासरी ३३ च्या आसपास, त्यामुळे ३८ म्हणजे लाटेची पातळी. पूर्वेकडचे वारे जोरात असले आणि समुद्राचा वारा दुपारी उशिरा आत आला की मुंबईत असं होतं; १४ एप्रिल १९५२ ला सांताक्रूझला ४२.२ अंशांची नोंद झाली होती.

पण लाट जाहीर झाली नाही म्हणून धोका नाही, असं मानण्याची चूक फार महाग पडते. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरच्या उघड्या मैदानावर लाखोंची गर्दी भर उन्हात तासन्‌तास बसली होती. जवळच्या केंद्रावर कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास होतं. विदर्भातल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. त्या उन्हाने उष्माघात होऊन १४ जण गेले.

शरीर स्वतःला थंड ठेवतं ते घाम सुकवून. विदर्भातल्या कोरड्या हवेत घाम पटकन सुकतो, माठातलं पाणी गार होतं, वाळ्याचा कूलर खोली थंड करतो. हे सगळं पाणी सुकण्यावर चालतं. कोकणात हवेत आधीच इतका दमटपणा असतो की घाम अंगावरून नुसता ओघळतो, माठ कोमट राहतो आणि कूलर लावला तर खोली आणखी चिकट होते. म्हणून पत्रकातलं ‘उष्ण व दमट हवामान’ हे शेवटचं, पारा न सांगणारं वाक्य कोकणातल्या माणसाने सगळ्यात आधी वाचावं. त्याच्या जोडीला किमान तापमान बघावं. ढगाळ रात्री जमिनीची उष्णता वर निसटत नाही आणि पारा रात्रीही उतरत नाही. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री सावरायला वेळ मिळाला नाही की दुसऱ्या दिवशीचं तेच ऊन जास्त बाधतं. पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांना, म्हाताऱ्यांना आणि बांधकामावरच्या मजुरांना हे आधी जाणवतं. उन्हात काम करणारा माणूस बरळायला लागला, त्याचा तोल जाऊ लागला किंवा शुद्ध हरपायला लागली तर तो ‘दमला’ असं समजून बसवून ठेवू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

जाहीर होणारा पारा सावलीतला असतो, हेही सांगायला हवं. पांढऱ्या रंगाच्या, फटींच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर तापमापक ठेवलेला असतो. त्याच्यावर ऊन पडत नाही आणि वारा आरपार जातो. सगळीकडे अशीच पेटी असते म्हणून अकोला आणि जेऊर यांची तुलना करता येते. गाडीच्या डॅशबोर्डवर ४९ दिसतं ते डांबराच्या आणि इंजिनाच्या झळांचं. स्वयंचलित केंद्रंही कधी दगा देतात. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंशांची नोंद दिसली आणि देशभर खळबळ उडाली. परिसरातली इतर काही केंद्रं मात्र ४४ च्या आसपास दाखवत होती. संवेदक (सेन्सर) बिघडला होता, तसं हवामान विभागाने स्पष्टही केलं, पण ५६ चा आकडा तोवर खूप पुढे निघून गेला होता. एखादा आकडा शेजारच्या सगळ्या केंद्रांपेक्षा एकदम वेगळा दिसला तर एक दिवस थांबावं.

मग वसमतच्या हळदवाल्याने काय करायचं? हळद शिजवली की वाळायला दहा-पंधरा दिवस लागतात, म्हणजे सात दिवसांचा कुठलाही अंदाज त्याला पूर्ण पुरत नाही. त्याने पट्टा विदर्भ-मराठवाड्यावर असलेले दोन-तीन दिवस बघून शिजवणी पुढे ढकलावी आणि वाळत असलेली हळद दुपारी तीनच्या आत गोळा करून ताडपत्रीखाली घ्यावी. सकाळी पुन्हा पसरता येते, कारण वळीव सहसा सकाळी येत नाही. कांदेवाल्याचं तसं नाही. पातीसकट सुकत असलेला कांदा एकदा भिजला की चाळीत टिकत नाही. तिथे ‘तुरळक’ असलं तरी झाकण्याचा खर्च परवडतो. रत्नागिरी-देवगडच्या बागायतदाराला पावसापेक्षा तापमानाचा कल महत्त्वाचा, कारण अचानक चढलेल्या उन्हात हापूस भाजतो, गळतो आणि आत साका धरतो, म्हणजे गर पांढरट, स्पंजासारखा होतो. तयार फळ एक-दोन दिवस आधी उतरवायचं की नाही, हे तो त्या कलावरून ठरवू शकतो. ज्याचा माल जसा, तसा पत्रकातला शब्द. जिल्हावार कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, मेघदूत ॲपवर तो मराठीत मिळतो.

विजेसाठी मात्र आठवडी अंदाजाची वाट बघायची नाही. तिथे पुढच्या तीन तासांचा तात्कालिक इशारा कामाचा. पाषाणच्या त्याच संस्थेचं दामिनी ॲप आपल्या भोवती २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात वीज पडते आहे का ते दाखवतं. शेतात फोनला रेंज नसेल तर कानांवर विसंबा: वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. पण आवाज ऐकू येतोय याचाच अर्थ तुम्ही तिच्या टप्प्यात आहात, त्यामुळे अंतर मोजत बसण्यापेक्षा पक्क्या घरात किंवा काचा लावलेल्या गाडीत जावं. चिंचेच्या किंवा आंब्याच्या झाडाखाली थांबू नये, बैल-शेळ्याही तिथे बांधू नयेत. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर निदान अर्धा तास बाहेर पडू नये, कारण पाऊस थांबला तरी मागे सरकलेल्या ढगातून वीज पडतच असते.